पीक फ्लो मीटर: दमा ‘तीव्र’ आहे की नुसता हाताबाहेर गेलाय?

पीक फ्लो मीटर म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणारी वीतभर प्लास्टिकची नळी, आत स्प्रिंग, वर सरकणारा काटा आणि साधारण ६० ते ८०० लिटर प्रति मिनिट अशी पट्टी. सेल नाही, स्क्रीन नाही. सिप्लाचा ‘ब्रीद-ओ-मीटर’ मोठ्या केमिस्टकडे विचारून बघा, नाहीतर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट किंवा केईएम इस्पितळाच्या आसपासची सर्जिकल दुकानं आहेतच. घेताना पट्टी कोणती ते पाहा. जुनी ‘राइट’ पट्टी आणि नवी युरोपीय पट्टी मधल्या भागात बरंच वेगळं बोलतात. म्हणून एकदा घेतलेला मीटर बदलू नये. बदललाच तर आपला सर्वोत्तम आकडा (दमा बरा असताना आलेला) पुन्हा काढावा लागतो. लहान मुलांना कमी पल्ल्याचा वेगळा मीटर येतो.

फुंकायची रीत सोपी, पण बहुतेक आकडे इथेच बिघडतात. काटा तळाशी आणा, उभे राहा, छाती पूर्ण भरा, ओठ घट्ट मिटून एकच जोरदार झटका. लांब फुंकायची गरज नाही. तीनदा करून सर्वात मोठा आकडा लिहा, सरासरी नको. बोट काट्याच्या वाटेत आलं किंवा जीभ तोंडापुढे आली तर आकडा पडतो. थुंकल्यासारखा किंवा खोकल्यासारखा झटका दिला तर तो खोटा वाढतो. सकाळी आरामाचा (धाप लागल्यावर घ्यायचा) इनहेलर घेण्याआधी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा नोंद हवी. लोकल गाठायच्या घाईत सकाळचीच राहून जाते, आणि दम्यात सकाळचाच आकडा जास्त बोलतो.

दिवसातल्या चढउताराचा हिशोब असा: सकाळी ३१०, संध्याकाळी ४००. फरक ९०, सरासरी ३५५, म्हणजे चढउतार सुमारे २५ टक्के. एक-दोन आठवड्यांची अशी सरासरी प्रौढांत १० टक्क्यांवर, मुलांत १३ टक्क्यांवर गेली तर ती जास्त मानतात.

आता मूळ प्रश्न. फार धाप लागते म्हणजे दमा ‘तीव्र’, असं आपण धरून चालतो. ‘जीना’ ही दम्याची जागतिक मार्गदर्शिका तसं मानत नाही. मध्यम किंवा जास्त मात्रेचं इनहेलरमधलं स्टिरॉइड आणि जोडीला श्वासनलिका उघडी ठेवणारं दीर्घकालीन औषध चालू असूनही त्रास थांबत नसेल, तर तो आधी ‘उपचारांना अवघड’ दमा. इनहेलरची पद्धत, रोजचा नेम, नाकाची ॲलर्जी, सिगारेट, छातीत जळजळ, घरातली बुरशी हे सगळं निस्तरून, जास्त मात्रा नीट घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, किंवा मात्रा उतरवली की बिघडत असेल, तेव्हाच ‘तीव्र’. प्रौढांत जास्त मात्रा म्हणजे, उदाहरणार्थ, पावडरीचं ब्युडेसोनाइड दिवसाला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर. ‘आटोक्यात नाही’ यालाही २०१४ च्या युरोपीय-अमेरिकी व्याख्येत मापं आहेत: वर्षात तोंडावाटे स्टिरॉइडचे दोन किंवा जास्त कोर्स, एकदा तरी दाखल होणं, किंवा दमा नियंत्रण चाचणी या प्रश्नावलीत २५ पैकी २० च्या खाली गुण.

मीटरची किंमत वसूल होते ती ‘उपचारांना अवघड’ आणि ‘तीव्र’ या दोन पायऱ्यांच्या मध्ये. पद्धत सुधारून, डोस न चुकवता पंधरा दिवस लिहिलेला तक्ता वर चढला, तर तीव्र दम्यासाठीच्या महागड्या बायोलॉजिक (प्रतिपिंडांच्या) इंजेक्शनांची चर्चा घाईची होती. बेकरीत मैद्यात किंवा स्प्रे-पेंटिंगमध्ये काम करणाऱ्यांना तर तो फारच उपयोगी. दिवसातून निदान चार नोंदी, कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवसांच्या, काही आठवडे ठेवल्या की सुट्टीला आकडा उठतो का ते दिसतं. उठत असेल तर आधी कामाची जागा तपासायची, इंजेक्शन नंतर.

मात्र नुसत्या मीटरवरून कोणी ‘तीव्र’चा शिक्का मारत असेल तर ते मान्य करू नका. तो मुख्यतः मोठ्या श्वासनळ्यांमधला वेग मोजतो आणि तोही तुमच्या जोरावर अवलंबून. स्पायरोमेट्रीची (दवाखान्यातल्या यंत्रावरच्या फुप्फुस तपासणीची) जागा त्याला घेता येत नाही. स्वरयंत्र आवळून लागणारी धाप तो दम्यापासून वेगळी काढत नाही. तीव्र दम्याचे प्रकार पाडायला तर तो बिनकामाचा. तिथे रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी (मायक्रोलिटरला १५० किंवा जास्त) आणि श्वासातला नायट्रिक ऑक्साइड (२० पीपीबी, म्हणजे अब्जात २० भाग, किंवा जास्त) पाहतात. तोंडावाटे स्टिरॉइड चालू असेल तर हे आकडे दबतात, म्हणून रक्त कधी द्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा.

मुंबईच्या पावसाळ्यात याची खरी कटकट म्हणजे ओल. आत पाणी राहिलं की काटा अडखळतो. आठवड्याला कोमट साबणपाण्यात हलवून धुवा, झटका, उभा ठेवून पूर्ण वाळू द्या. उकळू नका. काटा आपोआप घसरत असेल किंवा अडकत असेल तर नवा घ्या, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

बाजूच्या रंगीत खुणा कंपनीच्या मनाने ठेवू नका. दमा बरा असताना दोन आठवड्यांत आलेला सर्वोत्तम आकडा धरा: त्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० पिवळा. ५० टक्क्यांच्या खाली गेला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला आरामाचा इनहेलर घ्या आणि थेट इस्पितळ गाठा; घरी पुन्हा फुंकून बघत बसू नका.