बेअरिंगचा प्लास्टिक यो-यो: नागपूरच्या हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा वापर

हिवाळ्यात घेतलेला हा यो-यो पावसाळा लागला तरी रोज हातात आहे, घरातल्या मोठ्यांच्या आणि पोट्ट्यांच्याही. प्लास्टिकच्या दोन चकत्या, बाहेर पसरलेला ‘बटरफ्लाय’ आकार, मध्ये स्टीलचा आस, त्यावर अरुंद बॉल बेअरिंग आणि आतून दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे पातळ पॅड. सोबत एक रुंद बेअरिंग सुटं मिळालं. किंमत हजार रुपयांच्या आत. नवशिक्याने याच प्रकारचा घ्यावा आणि त्याच ऑर्डरमध्ये पॉलिस्टरच्या दहा-बारा दोऱ्या मागवाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘यो-यो खराब निघाला’ ही जी तक्रार होते, तिच्यात बहुतेक वेळा दोष दोरीचा असतो.

नागपुरात बर्डी किंवा इतवारीच्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात दिसतात ते बहुतेक दिवे लागणारे, आसाला दोरी गाठ मारून बांधलेले. गाठ असेल तर यो-यो खाली जाऊन लगेच वर येतो, खाली फिरत राहत नाही. मग पुढचं काहीच शिकता येत नाही. दुसरी फसगत ऑनलाइन होते. चकचकीत ॲल्युमिनियमचे यो-यो स्वस्तात मिळतात, पण त्यातले बरेच अनरिस्पॉन्सिव्ह असतात, म्हणजे झटका दिला तरी वर येतच नाहीत. ते तसेच बनवलेले असतात. त्यांना ‘बाइंड’ करून, म्हणजे दोरीचा छोटा फास दोन चकत्यांमधल्या खाचेत घालून परत आणावं लागतं आणि ते पहिल्या आठवड्याचं काम नाही. म्हणून वर्णनात ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द पाहूनच घ्या.

आता दोरी. यो-यो जमिनीवर पायाशी ठेवा, दोरी सरळ वर धरा, बेंबीच्या दोन-तीन बोटं वर फास बांधा आणि उरलेली कापा. पाकिटातली दोरी मोठ्या माणसाच्या मापाची असते; आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती न कापता दिली तर यो-यो दर वेळी फरशीवर आपटतो आणि कडा उडतात. बांधलेला फास तसाच बोटात घालायचा नाही. त्यातून दोरी ओढून सरकफास करायचा आणि तो मधल्या बोटाच्या पहिल्या व दुसऱ्या सांध्यांच्या मध्ये बसवायचा. मे महिन्यात घामाने फास घसरतो, तेव्हा हात पुसूनच खेळा. बोट लालभडक व्हायला लागलं की फास सैल करा. लहान मुलं हे सांगत नाहीत, आपणच बघावं लागतं.

दोरी म्हणजे एकच लांब धागा दुमडून पिळलेला असतो. खेळताना हा पीळ वाढतो किंवा उतरतो, आणि नव्या माणसाचं गाडं इथेच अडतं. पीळ जास्त झाला तर सैल सोडलेली दोरी स्वतःभोवती वळते आणि यो-यो खाली न थांबता अर्ध्यातून परत येतो. पीळ उतरला तर तो मस्त फिरतो, पण वर यायचं नाव घेत नाही. उपाय सोपा आहे: फास बोटातून काढा, यो-यो हातात धरा, दोरी मोकळी लोंबू द्या आणि फिरून स्थिर होऊ द्या. रोज खेळत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हे करायचं. दोरी मळकट झाली, बेअरिंगजवळ धागे फुलले किंवा कुठे चपटी दिसली की फेकून द्या. जुनी दोरी तुटली तर यो-यो कपाटाच्या काचेत जातो.

दोरी बदलताना यो-यो लटकता ठेवा, दोरी त्याच्या दोन इंच वर धरा आणि यो-यो डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. धागे वेगळे होऊन फट पडते, तीतून यो-यो बाहेर काढा. नवी दोरी बसवताना तशीच फट बेअरिंगवर घाला. यो-यो परत यायला कुरकुर करत असेल तर त्या फटीला एक पीळ देऊन पुन्हा बेअरिंगवर चढवा. या दुहेरी वेढ्याने पकड लगेच वाढते.

बेअरिंगवर दोरी गुंडाळताना ती नुसती घसरते. तर्जनी खाचेच्या कडेवर ठेवून पहिला वेढा बोटावरून, पुढचे बोटाखालून घ्या, दोन-तीन झाले की बोट काढा.

फेकण्याआधी एक गोष्ट रोज तपासा: तळहात वर केलेला असताना दोरी यो-योच्या वरच्या बाजूने बोटाकडे आली पाहिजे. खालून येत असेल तर फेक फसणारच. सुरुवात तळहात खाली ठेवून नुसतं सोडण्याने करा, तळाशी पोचता पोचता हलका झटका. हे जमलं की खरी फेक. कोपर वाकवून हात खांद्यापाशी, मनगट आत वळवलेलं, मग हात खाली आणताना मनगटाचा फटका आणि यो-यो बोटांच्या टोकांवरून सुटू द्या. तो तळाला पोचायच्या क्षणी हात सैल ठेवायचा म्हणजे दणका बसत नाही आणि तो तिथेच फिरत राहतो. यालाच स्लीपर म्हणतात. मग तळहात खाली करून झटका द्या: दोरी क्षणभर सैल पडते, पॅडला चिकटते आणि गुंडाळली जाते.

यो-यो तिरपा होत असेल तर जोर वाढवून उपयोग नाही. मनगट बाजूला वळतंय म्हणून दोरी एका भिंतीला घासते आणि फिरकी मरते. आधी सरळ फेक, मग जोरदार. स्लीपर दहा सेकंद टिकायला लागला की वॉक द डॉग, म्हणजे फिरता यो-यो जमिनीवर चालवणं, जमतं. आमच्या मते ते चटईवर करा, कारण गुळगुळीत टाइल्सवर यो-यो घसरतो आणि गच्चीच्या खरखरीत सिमेंटवर कडा खरवडतात, शिवाय धूळ बेअरिंगमध्ये जाते. रॉक द बेबीमध्ये दोरीचा त्रिकोण करून त्यात यो-यो पाळण्यासारखा झुलवतात; तो त्रिकोण आधी न फिरणाऱ्या यो-योवर पाठ करावा. अराउंड द वर्ल्ड, म्हणजे यो-यो हाताभोवती पूर्ण गोल फिरवणं, बाहेरच, नवीन दोरीवर, हात अधिक दोरीच्या अंतरात कोणी नसताना.

नागपूरच्या हवेचा परिणाम जाणवतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवला तर चिकटवलेले पॅड सरकतात आणि यो-यो एका बाजूला ओढतो. धुळीच्या दिवसांत बेअरिंग खरखर करतं: चकत्या उघडा, बेअरिंग काढून थिनरमध्ये हलवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. थिनर प्लास्टिकला लागू देऊ नका. खोबरेल तेल मात्र कधीच नको, डिसेंबरात ते गोठतं आणि बेअरिंग जाम होतं. चकत्या परत बसवताना हाताच्या बेताने आवळा. फार आवळल्या तर प्लास्टिकचे आटे जातात, सैल राहिल्या तर फेकीत यो-यो उघडून दोन तुकडे उडतात.

सुटं मिळालेलं रुंद बेअरिंग घाईने लावू नका. दोन्हींचा बाहेरचा व्यास १२.७ मिमीच, पण अरुंद साधारण ३ मिमी जाड आणि रुंद ४.७६ मिमी, त्यामुळे खाच रुंदावते, दोरी पॅडला सहज लागत नाही आणि यो-यो बाइंड करूनच परत आणावा लागतो. बाजूला फेकून दोरीवर उतरवायचा ट्रपीझ दहापैकी सात-आठ वेळा जमत असेल, तेव्हाच ते बसवा. बाइंड करताना दोरीचा छोटा फास यो-यो फिरतो त्या दिशेने खाचेत घालायचा आणि पकड बसली की मोकळ्या हातातला फास त्याच क्षणी सोडायचा, नाहीतर बोट अडकतं.