कॅमेरे ओरिजिनल होते, बाकी सगळं बोगस

आधीच सांगतो, सीसीटीव्ही कॅमेऱ्यात फसवणूक नव्हती. नावाजलेल्या कंपनीचे होते, सीलबंद खोकी माझ्यासमोर फोडली, आणि तरी साडेएकवीस हजाराला आम्ही व्यवस्थित गंडलो, कारण आमचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं आणि त्या माणसाने हात मारला तो भिंतीमागे जाणाऱ्या वस्तूंवर. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, गावाकडच्या घराला कॅमेरे बसवायचं डोक्यात असेल तर वाचा.

घर संगमेश्वर तालुक्यात, आईबाबा दोघंच तिथे, मी पुण्यात. बाबांचं वय झालंय, गेट घरापासून लांब, पलीकडे कलमं आणि विहीर, आणि आजूबाजूच्या निम्म्या घरांना मुंबईकर येईपर्यंत कुलूप. वायफाय कॅमेरा घ्यायचा विचार आधी केला होता पण आमच्या जांभ्याच्या भिंती एवढ्या जाड की पडवीत आलं तरी वायफायचा एकच दांडा उरतो, गेटपर्यंत तर नावच नको. सिमकार्डवाला सोलर कॅमेरा पण बघितला, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन कुठलं आणि दर महिन्याचा रिचार्ज कोण लक्षात ठेवणार. तेव्हा वायरवालाच घ्यायचा ठरलं, आणि हा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, आंब्यासाठी गावी गेलो होतो तेव्हा ओळखीतून एक पोरगा आला. गोड बोलणारा, बाबांना काका, मला दादा, आईच्या हातचं पन्हं पिऊन झालं आणि लगेच "दादा, घाई करा". का, तर ९ एप्रिलपासून सरकारने सीसीटीव्हीला सिक्युरिटी टेस्टिंग कंपल्सरी केलंय, जुना माल संपत आलाय, आता रेट डबल होणार. नियम खरा आहे, एप्रिल २०२५ पासून लागू झालाय हेही खरं, पण तो ग्राहकाच्या भल्यासाठी आहे, कॅमेरा सहज हॅक होऊ नये म्हणून. तोच नियम दाखवून हा आम्हाला घाई करत होता आणि मला तेव्हा ते कळलं नाही. बारा हजार ॲडव्हान्स दिले.

कोटेशन म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज. फुल एचडीचे चार कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंग करणारा डबा), त्यात एक टीबी हार्डडिस्क, "प्युअर कॉपर" वायर दोन बंडल, पॉवर सप्लाय, फिटिंगसकट २१,५००. जीएसटी बिल हवं असेल तर अठरा टक्के वर. आता कोण देतो अठरा टक्के वर, म्हणून आम्ही पण लेटरपॅडवरच्या कच्च्या बिलावर खूश. त्या बिलावर डीव्हीआरचा मॉडेल नंबर नाही, हार्डडिस्कचा सिरियल नंबर नाही, "वॉरंटी २ वर्ष" एवढं मात्र झोकात लिहिलेलं.

वायरीबद्दल मी विचारलं होतं हां. अगदीच बावळट नाहीये मी. प्युअर कॉपर कशावरून म्हटलं, तर पठ्ठ्याने खिशातून लोहचुंबक काढलं, वायरीचं टोक सोललं, चुंबक लावलं, चिकटलं नाही. "बघा दादा, कॉपरला चिकटत नाही." बाबा पण मान हलवतायत, मी पण. अरे पण ॲल्युमिनियमला तरी चुंबक कुठे चिकटतं! हे मला सहा महिन्यांनी सुचलं. शाळेत शिकलेलं असतं सगळं, वेळेला आठवत नाही.

फिटिंग एका दिवसात उरकलं. मी दिवसभर काय करत होतो तर मोबाईलवर ॲपमध्ये चित्र कसं दिसतंय ते बघत होतो, आई अंगणात उभी राहून हात हलवत होती आणि आम्ही हसत होतो. वायर कुठून नेली, जोड कुठे मारला, काही बघितलं नाही. उरलेले साडेनऊ हजार संध्याकाळी दिले. पैसे द्यायच्या आधी एक रात्र जाऊ द्यायला हवी होती, कारण खरी गंमत रात्रीच होती.

आठवडाभरात आईचा फोन, "अरे तो गेटावरचा मेला रोज रात्री बंद पडतो." सकाळी बघितलं तर चालू. संध्याकाळी सात साडेसातला चित्र थरथरायचं, काळं व्हायचं, परत यायचं, परत जायचं. त्याला फोन केला तर म्हणे लाईटचा प्रॉब्लेम. मग पाऊस सुरू झाला तर म्हणे पावसाचा प्रॉब्लेम. जुलैत परसातला कॅमेरा पूर्णच गेला, तेव्हा येऊन काहीतरी पुसून गेला आणि पाचशे रुपये व्हिजिट चार्ज घेऊन गेला, वॉरंटीत असताना. ऑगस्टमध्ये एक दिवस माझं ॲपच रिकामं. एकही कॅमेरा नाही. फोन केला तर म्हणाला क्लाऊड संपलंय दादा, वर्षाचे २,४०० भरावे लागतील. मी भरले. हो, भरले! पंधरा मिनिटांत कॅमेरे परत दिसायला लागले आणि मी त्याला थँक्यू म्हटलं. हे लिहिताना आत्ता पण कान गरम होतायत.

नोव्हेंबरात विहिरीवरच्या पंपाची केबल कापून नेली कोणीतरी. पाऊस लांबला होता म्हणून पंप बरेच दिवस लावलाच नव्हता, बाबा लावायला गेले तेव्हा कळलं. मी पुण्याहून रेकॉर्डिंग बघायला बसलो तर जुन्यातलं जुनं रेकॉर्डिंग अकरा दिवसांचं, आणि त्यातही गेटचा कॅमेरा रोज सात वाजल्यानंतर आंधळा. बोलताना तो पोरगा म्हणाला होता एक महिन्याचं राहील. नंतर हिशोब केला तर साधा गुणाकार आहे, एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट रेकॉर्डिंग, धरलं तर दिवसाला साधारण २१ जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे ८५ च्या आसपास, मग एक टीबीत अकरा दिवसच बसणार. हे मी मे महिन्यात कागदावर मांडू शकलो असतो.

शेवटी रत्नागिरीहून दुसऱ्या एका माणसाला बोलावलं, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी मीटर काढला. डीव्हीआरजवळच्या पॉवर सप्लायला १२ व्होल्ट. गेटवर, साधारण साठ मीटर वायर गेल्यावर, कॅमेरा चालू असताना १०.९. मग त्याने कॅमेऱ्याच्या समोरच्या सेन्सरवर हात ठेवून अंधार केला, आतल्या लाल लाईटी लागल्या आणि आकडा सरसर खाली, ९ च्या जवळ, आणि कॅमेरा बंद. हात काढला, परत चालू. सहा महिने जे भूत आम्ही पावसावर आणि महावितरणवर ढकलत होतो ते त्याने अर्ध्या मिनिटात दाखवलं. रात्री इन्फ्रारेड लाईट लागतात तेव्हा कॅमेरा दिवसाच्या दुप्पट-अडीचपट करंट ओढतो, आणि वायर हलकी असेल तर तेवढा व्होल्टेज वाटेतच खाल्ला जातो.

मग त्याने वायरीची एक तार घेतली आणि ब्लेडने हळूच खरवडली. वर तांबडी, आत पांढरी. "सीसीए आहे ओ ही. तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम." तांब्याच्या वायरीपेक्षा किंमत बरीच कमी आणि विजेला अडथळा दीडपटीहून जास्त. बाबांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला, काही बोलले नाहीत. तो माणूस म्हणाला, बंडल उचललं तेव्हाच कळायला हवं होतं, तांब्याचं बंडल जड लागतं.

परसातल्या कॅमेऱ्याचं वेगळंच. कॅमेऱ्यावर आयपी६७ लिहिलेलं आहे, म्हणजे अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडवला तरी चालतो, पण ते फक्त कॅमेऱ्यापुरतं. त्याच्या शेपटीला जे बीएनसी (चित्राचा) आणि डीसी पिनचे (करंटचा) जोड असतात त्यांना पाणी चालत नाही, त्यासाठी पाठीमागे प्लास्टिकचा बॉक्स बसवतात आणि जोड त्याच्या आत ठेवतात. बॉक्स शे-दीडशे रुपयाला मिळतो. आमच्याकडे चारही जोड नुसती चिकटपट्टी गुंडाळून उघड्यावर, आणि कोकणातला पाऊस. पिना हिरव्या पडलेल्या. वायर भिंतीत शिरायच्या आधी खाली झोल दिला की पाणी तिथून गळून जातं, तोही दिला नव्हता, पाणी वायरीवरून सरळ जोडात.

हार्डडिस्कला मात्र मी खरा हादरलो. डीव्हीआरच्या मेनूत हार्डडिस्कची तब्येत बघायची एक जागा असते, स्मार्ट म्हणतात तिला, तिथे डिस्क आजवर किती दिवस चाललीये ते येतं. आमची बसवून जेमतेम सहा महिने झालेले आणि आकडा १,२९० दिवस! म्हणजे आमचे सहा महिने वजा केले तरी तीन वर्ष कुठल्यातरी दुकानात नाहीतर ऑफिसात घासलेली, वर नवं स्टिकर मारून आम्हाला नवी म्हणून दिली. डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी संपलेली. आणि डीव्हीआर "१०८०एन"वाला, म्हणजे रेकॉर्डिंग ९६० बाय १०८० चं, तर फुल एचडी असतं १९२० बाय १०८०. रुंदीला निम्मं. म्हणूनच टीव्हीवर लाइव्ह बघताना झकास दिसायचं आणि रेकॉर्डिंग थांबवून गाडीचा नंबर वाचायला गेलं की नुसती धुळाक्षरं.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. त्या रत्नागिरीच्या माणसाने विचारलं, डीव्हीआर कुणाच्या अकाउंटला आहे? म्हटलं माझ्याच मोबाईलवर दिसतंय की. तो म्हणाला दिसतंय वेगळं आणि मालकी वेगळी. बघितलं तर डीव्हीआर त्या पोराच्या नंबरवर रजिस्टर, मला त्याने नुसतं शेअर केलेलं. ऑगस्टमध्ये क्लाऊड वगैरे काही संपलं नव्हतं, आमच्या डीव्हीआरला मोबाईलवर बघायला पैसेच लागत नाहीत, रेकॉर्डिंग घरातल्या डिस्कवर होतं. त्याने फक्त शेअर काढून घेतलं आणि पैसे आल्यावर परत दिलं. म्हणजे सहा महिने आमचं अंगण, आमची पडवी, आई दुपारी जिथे भाजी निवडत बसते आणि तिथेच जरा आडवी होते ती जागा, हा माणूस हवं तेव्हा बघू शकत होता. घरात म्हातारी दोनच माणसं आहेत, कधी बाहेर जातात, कधी येतात, सगळं. बघितलं का ते मला माहीत नाही. आईला आम्ही हे सांगितलेलं नाही. पासवर्ड पण त्याने ठेवलेला तो ॲडमिन१२३. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले व्हिडिओ बाहेर आल्याचं प्रकरण २०२५ च्या फेब्रुवारीत पेपरात गाजलं होतं, मीच ते घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलं होतं, आणि तीन महिन्यांनी स्वतःच्या घराचा पासवर्ड बदलला नाही.

डीव्हीआरवरून त्या पोराचं नाव काढायला पण सोपं गेलं नाही. कंपनीच्या हेल्पलाईनने डीव्हीआरच्या स्टिकरचा फोटो आणि बिल मागितलं, आणि बिलावर सिरियल नंबरच नाही. चार-पाच दिवस मेलामेली करून सुटलं. तेवढे दिवस डीव्हीआरची नेटची वायर काढून ठेवली होती.

गेटच्या कॅमेऱ्यासाठी रत्नागिरीच्या माणसाने सुचवलेला उपाय स्वस्तातला निघाला. गेटवर दिव्यासाठी लाईट होतीच, तिथेच बंद बॉक्समध्ये १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर बसवला, आता घरापासून फक्त चित्राची वायर जाते. पहिल्यापासून करायचं असतं तर तो म्हणाला आयपी, म्हणजे नेटच्या वायरीवर चालणारे, कॅमेरे पीओई पद्धतीचे घ्यायचे होते, त्यात एकाच कॅट६ (नेटच्या) वायरीतून नेट आणि करंट दोन्ही जातं, ४८ व्होल्टवर चालतं म्हणून लांबीने एवढं मरत नाही, शंभर मीटरपर्यंत बिनधास्त, फक्त तीही वायर अस्सल तांब्याची हवी, तिथेही सीसीए सर्रास खपवतात. नवी हार्डडिस्क मी स्वतः जीएसटी बिलावर घेतली, बसवल्या बसवल्या दिवसांचा आकडा बघितला, शून्य. खातं माझ्या नंबरवर माझ्या हाताने उघडलं. पडवीतला कॅमेरा काढून गोठ्याकडे लावला. तिथे रात्री लाईटीला किडे येतात, किड्यांना कोळी येतात आणि जाळं विणतात, मग आठवड्याला केरसुणी मारावी लागते, पण ते ठीक आहे.

पैशाचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी पण लागत नाही हे तेव्हा कळलं, आणि बाबांनी हे त्या पोराला फोनवर नुसतं ऐकवल्यावर तो घरी येऊन हार्डडिस्कचे ४,००० ठेवून गेला. क्लाऊडचे २,४०० आणि वायरीचे "शिमगा होऊ दे, देतो" म्हणाला. शिमगा होऊन गेला, पालखी घरी येऊन गेली, हा काही आला नाही. आता आयोगात अर्ज करायचाय, पण आमच्याकडे कच्चं बिल आणि व्हॉट्सॲपचा तो मेसेज एवढंच आहे, अशा कागदावर कोणी केस लढवली असेल तर सांगा. खरवडलेल्या वायरीचा तुकडा ठेवलाय जपून, कोणाला ओळखायला हवा असेल तर फोटो टाकतो.