लिनक्सवर ब्राउझरमधलं प्ले-पॉज: मीडिया की, प्लाझ्माचं एक्स्टेंशन की प्लेअरसीटीएल?

आमच्या खानापूर भागातल्या सप्ताहांची कीर्तनं आता यूट्यूबवर येतात, ती ऐकून भजनी मंडळासाठी अभंग टाइप करायचं काम माझ्याकडं असतं. हात लिबरऑफिसवर, कान ब्राउझरकडं. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, लिहायचं, जरा मागं घेऊन परत ऐकायचं, आणि हे सगळं खिडकी न बदलता व्हायला पाहिजे.

कीबोर्डवरच्या मीडिया की (प्ले-पॉजची खास बटणं) आता बऱ्याच ठिकाणी आपोआप चालतात. फायरफॉक्समध्ये ही सोय ८१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे, क्रोमियममध्येही आहे. नुसतं गाणं ऐकणाऱ्याला एवढं पुरतं, उगाच पुढं वाचू नका.

माझं अडलं ते वेगळ्याच जागी. मधल्या वेळेत दुसऱ्या ब्राउझरमध्ये कुमार गंधर्व लावलेले असतात (सुळेभावीचे, आमच्याच जिल्ह्यातले), ते थांबवून परत कीर्तनाकडं आलं आणि बुवांची ओळ लिहायला म्हणून पॉज दाबलं की कीर्तन तसंच चालू राहतं आणि वरून कुमारांचा आवाज सुरू होतो. दोन्ही एकदम! तोवर ओळ गेलेली असते. कारण असं की डी-बसवर (लिनक्समधले प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती सोय) प्रत्येक ब्राउझर एमपीआरआयएस नावाच्या ठरावीक पद्धतीनं वेगळा प्लेअर म्हणून हजर असतो, आणि नुसती की दाबली तर ती कुणासाठी हे तुम्ही नाही, डेस्कटॉप ठरवतो.

प्लाझ्मा हा केडीईचा डेस्कटॉप, तो वापरणाऱ्यांना प्लाझ्मा ब्राउझर इंटिग्रेशन हे एक्स्टेंशन मी आवर्जून सांगेन. पॅनलवरच गाण्याचं नाव दिसतं, पट्टी ओढून मागंपुढं करता येतं. फक्त ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन आणि सिस्टमवर त्याच नावाचं पॅकेज, दोन्ही लागतं, नाहीतर काहीच होत नाही. पण माऊसकडं हात न्यायला लागतो, तेच मला टाळायचं होतं.

प्लेअरसीटीएलला दिसायला काहीच नाही, असे प्लेअर चालवायची-थांबवायची टर्मिनलची कमांड आहे ती. पण हायफन पी लावून प्लेअरचं नाव देता येतं, फायरफॉक्स म्हटलं की फायरफॉक्सच थांबणार, दुसरा कोण हलणार नाही. ती कमांड डेस्कटॉपच्या शॉर्टकटला जोडून टाकायची, झालं. मात्र एका ब्राउझरचे दोन टॅब त्याला वेगळे दिसत नाहीत, म्हणून कीर्तन फायरफॉक्सला आणि बाकी सगळं क्रोमियमला अशी वाटणी मी केलीय. पाच सेकंद मागं जायला पोझिशनची कमांड आहे, ती चालणं ब्राउझरवर अवलंबून, नाही चालली तर प्लाझ्माचं एक्स्टेंशन घालून नावाच्या जागी त्याचं नाव द्या.

ज्याचं त्याचं काम वेगळं, पण ऐकून लिहिणाऱ्यानं आधी प्लेअरसीटीएलच बघावं असं मला वाटतं. शॉर्टकट ठेवताना नुसता एफ-७ नको, लिबरऑफिसच्या रायटरमध्ये तो स्पेलिंग तपासायला लागतो, आणि अक्षरांची बटणं पण नकोत, मराठी कीबोर्ड चालू असताना ती कधीकधी लागत नाहीत. सुपर बटणाबरोबर (विंडोजचं चिन्ह असतं ते) एफची बटणं घ्या, माझ्याकडं तरी ती व्यवस्थित चालतात.