एप्रिल ते डिसेंबर: आमच्या टेबलावर टिकलेले बोर्ड गेम

एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या. विदर्भातल्या शाळा उघडायला जूनचा शेवट येतो आणि सकाळी अकरानंतर नागपुरात मुलांना बाहेर पाठवायची सोय नसते. दोन महिने चौघंपाचजण एकाच कूलरसमोर. मोबाइल सोडून काहीतरी हवं होतं. कॅरम होता, पत्ते होते, व्यापार खेळून खेळून त्याच्या नोटांच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणून हे नवे बोर्ड गेम घ्यायचे ठरवले आणि आठ महिन्यांत चार घेतले: कटान, अझूल, पँडेमिक आणि विंगस्पॅन.

खेळणारे कोण, ते आधी सांगते, कारण माझं सगळं मत त्यावरच उभं आहे. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आईंचं वय बहात्तर, माहेर आर्वीचं. लहानपणी वाड्यात कवड्या टाकून सारीपाट खेळलेल्या. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, इंग्रजी मात्र येत नाही. खेळ घेताना आम्ही याचा विचारच केला नव्हता. पहिल्या आठवड्यातच कळलं की घरातला एक माणूस नुसता बघत बसणार असेल, तर तो खेळ आमच्या घरासाठी नाही. पुढचे सगळे खेळ मी याच कसोटीवर पाहिले. प्रत्येक डावाची तारीख, कोण खेळलं आणि गुण किती, हे एका शंभर पानी वहीत लिहीत गेले, त्यामुळे खालचे आकडे अंदाजाचे नाहीत.

पहिला घेतला कटान. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा, १९९५ चा. या नव्या खेळांची लाट जगभर नेली ती यानेच, म्हणून सुरुवात इथून. आमची सुरुवात मात्र वाईट झाली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे निम्म्या किमतीत दिसला आणि मागवला. आला तो नकली. पत्त्यांच्या पाठी दोन वेगळ्या छटांच्या, त्यामुळे समोरच्याच्या हातात मेंढीचा पत्ता आहे की गव्हाचा, ते मागूनच कळायचं. किनाऱ्याच्या पट्ट्या एकमेकींत बसत नव्हत्या. पैसे परत मिळायला तीन आठवडे गेले. कुठला खेळ नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त दिसला, तर आधी इतर ग्राहकांनी टाकलेले फोटो मोठे करून पाहा, पत्त्यांच्या पाठीसकट.

अस्सल पेटी आली आणि मे महिना छान गेला. षट्कोनी १९ तुकडे मांडून बेट तयार होतं, दोन फासे टाकायचे, ज्या आकड्याच्या तुकड्याला आपली वस्ती लागून आहे तो पडला की माल, म्हणजे वीट, मेंढी, गहू असे पत्ते, मिळतो, दहा गुण आधी करेल तो जिंकला. सहा आणि आठ हे आकडे छत्तीसात प्रत्येकी पाच वेळा येतात, म्हणून ते लाल छापलेले असतात. हे मुलाला मी कागदावर समजावत होते, तर आई म्हणाल्या, "कवड्याइचंही तसंच राह्यते ना. सगळ्या उताण्या क्वचित पडतात, मधलं दान सारखं पडते." संभाव्यतेचा धडा तिथेच पूर्ण झाला.

कटानची खरी मजा देवाणघेवाणीत आहे. मुलगी दोन मेंढ्या देऊन एक वीट घेण्यासाठी अशी घासाघीस करते, की गोकुळपेठ बाजारात भाजीवाल्या मावशींशी आता तीच बोलते. पत्त्यांवर वाचायला थोडंच आहे, तेवढं कोणीतरी सांगितलं की आईंचं अडत नाही. पण तक्रारी दोन. सुरुवातीची वस्ती चुकीच्या जागी पडली, तर पुढचा सव्वा तास हातात काहीच न येता बसून राहावं लागतं. मुलगा असा एकदा उठून गेला आणि मला त्याला रागवावंसं वाटलं नाही. दुसरं, याला तीन-चार माणसं लागतातच. पाचवं माणूस बाहेर बसतं आणि दोघांना हा खेळताच येत नाही. आठ महिन्यांत १७ डाव, त्यातले १३ उन्हाळ्यातच.

अझूल जूनमध्ये आला आणि घरातलं वातावरण बदललं. मिखाएल कीसलिंगचा खेळ, २०१७ चा. पुढच्याच वर्षी जर्मनीतला स्पील देस यारेस हा मानाचा पुरस्कार याला मिळाला. पोर्तुगालमध्ये भिंतींवर ज्या रंगीत फरश्या लावतात, त्यांवर बेतलेला. पेटीत पाच रंगांच्या वीस-वीस, एकूण १०० फरश्या. जाड, गुळगुळीत, हातात घेतल्यावर चांगल्या वजनदार लागतात. गोल चकत्यांवर चार-चार फरश्या ठेवायच्या. दोघं असाल तर पाच चकत्या, चौघं असाल तर नऊ. एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या. आपल्या पाटावर एक ते पाच घरांच्या ओळी असतात, त्या भरायच्या. ओळ भरली की एक फरशी पाटावरच आखलेल्या भिंतीवर चढते आणि गुण मिळतात. जागेपेक्षा जास्त उचलल्या तर जादाच्या खाली पडतात आणि गुण कापले जातात.

मुख्य म्हणजे, खेळताना एक अक्षरही वाचावं लागत नाही. आईंना नियम दहा मिनिटांत समजले. "हे त फरशी बसवायचं काम होय," म्हणाल्या आणि दुसऱ्या डावापासून आम्हाला हरवायला लागल्या.

त्यांचा एक डाव मी वहीत सविस्तर लिहून ठेवलाय. आम्ही दोघीच होतो, जुलैची दुपार, बाहेर संततधार. फेरीच्या शेवटी मध्ये सहा फरश्या राहिल्या होत्या, एक निळी आणि पाच लाल. पाळी आईंची. माझ्याकडे लाल बसायला जागा कुठे, तर दोन घरांच्या ओळीत, तीही एकच. आईंच्या पाटावर त्या निळीचा फारसा उपयोग नव्हता. त्यांनी बोटाने माझ्या पाटावरची रिकामी घरं मोजली, निळी उचलली आणि डबी उघडून सुपारी तोंडात टाकली. मला पाचही लाल घ्याव्या लागल्या. एक बसली, चार खाली. वजा एक, वजा एक, वजा दोन, वजा दोन. एका चालीत सहा गुण गेले. आपलं भलं होईल ते उचलायचं, की समोरच्याला नको ते घ्यायला लावायचं, हा प्रश्न प्रत्येक फेरीत येतो आणि दोघांच्या डावात तो सगळ्यात धारदार असतो. चौघांत तेवढा हिशोब धरता येत नाही, मग खेळ जरा सैल होतो.

मुलाची सवय भिंतीवरची आडवी ओळ पटकन पूर्ण करायची. आडव्या ओळीला शेवटी दोनच गुण मिळतात आणि कुणाची एक जरी आडवी ओळ पूर्ण झाली, तर त्या फेरीनंतर डाव संपतो. उभ्या रांगेला सात, एका रंगाच्या पाचही फरश्या लावल्या तर दहा. आई आडवी ओळ चार फरश्यांवर थांबवून उभ्या रांगा भरत बसतात. हे कुणी त्यांना शिकवलेलं नाही.

दोष आहे, आणि चीड आणणारा आहे. गुण मोजायला पाटावर एक छोटा ठोकळा सरकवायचा असतो, पण त्याला बसायला खाच नाही. पाटाला धक्का लागला की ठोकळा घसरतो आणि आपले गुण बत्तीस होते की सदतीस, यावर वाद सुरू. आम्ही तो ठोकळा पेटीतच ठेवतो आणि गुण वहीत लिहितो. एवढ्या किमतीच्या खेळात ही उणीव राहायला नको होती. पेटीवर वय आठ वर्षं लिहिलंय ते बरोबर आहे, पण वजा गुणांनी लहान मूल खट्टू होतं, म्हणून पहिले चार-पाच डाव आम्ही मुलीसाठी वजाबाकी बंद ठेवली होती. एकूण डाव ६१.

पँडेमिक म्हणजे महासाथ. त्याबद्दल लिहिताना मला थोडं थांबावं लागतं. हा मॅट लीकॉकचा २००८ चा खेळ, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीचा. जगाच्या नकाशावर ४८ शहरं, चार रोग, आणि सगळ्यांनी मिळून ते आटोक्यात आणायचे. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. आपल्याकडची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशी चार शहरं त्यात आहेत. २०२१ चा एप्रिल नागपूरने कसा काढला, ते इथल्या लोकांना सांगायला नको. आईंचे धाकटे भाऊ त्यातच गेले. खेळ घरी आल्यावर नाव वाचून मी पेटी कपाटात वर ठेवून दिली, दोन महिने काढलीच नाही. शेवटी आईंनीच विचारलं ते काय आहे. मी भीत भीत सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग काढ ना. इथं तरी आपल्या हातात काही राह्यते."

आम्ही २२ डाव खेळलो, जिंकलो नऊ. सगळे एका बाजूला असतात, त्यामुळे पत्त्यावरचं इंग्रजी कुणीही मोठ्याने वाचून सांगू शकतं, लपवायचं काहीच नसतं. धोका एकच. घरातलं एक शहाणं माणूस सगळ्यांच्या चाली ठरवू लागतं. आमच्याकडे ते काम नवरा करायचा. मग नियम केला, की ज्याची पाळी तो विचारेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. त्यानंतर मुलीने एकदा मुंबईहून चेन्नईला जाण्याचा जो निर्णय घेतला, तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, आणि तो डाव त्यामुळेच वाचला.

विंगस्पॅन सगळ्यात महाग आणि सगळ्यात देखणा. एलिझाबेथ हारग्रेव्हचा, २०१९ चा. १७० पक्ष्यांचे पत्ते, प्रत्येकावर वेगळं चित्र, ७५ रंगीत अंडी, आणि फासे टाकायला पक्ष्यांच्या दाणापात्रासारखी उभी पेटी. पहिल्या फेरीत आठ चाली, मग सात, सहा, पाच; सगळ्या मिळून सव्वीसच. सुरुवातीच्या चाली काहीच देत नाहीत असं वाटतं आणि शेवटी एकेका चालीत आधी मांडलेले चार-चार पक्षी काम करू लागतात. मुलाला याचं वेड लागलंय.

पण पत्त्यांवर इंग्रजी मजकूर भरपूर, आणि इथे पत्ते आपापले झाकून धरायचे असतात. आईंची अडचण झाली. मुलाने दिवाळीच्या आधी बसून चाळीसेक पत्त्यांचे मराठी अर्थ चिठ्ठ्यांवर लिहिले. मूळ पेटीतले पक्षी उत्तर अमेरिकेतले, त्यामुळे बहुतेकांना मराठी नाव नाही. गव्हाणी घुबड निघालं तेव्हा मात्र आईंनी लगेच ओळखलं, आर्वीच्या घराच्या माळ्यावर असायचं म्हणे. एका बैठकीला दीड तास लागतो, शिकवायला वेगळा पाऊण तास. १४ डाव झाले, त्यांतल्या पाचांत आई होत्या. आवड असेल आणि रविवार रिकामा असेल तरच घ्या.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. कूलरसमोर पत्त्यांचा खेळ मांडू नका. एक तर वाऱ्याने कटानचे पत्ते सतरंजीखाली जातात, आणि दुसरं, कूलरच्या ओलाव्याने पत्ते मऊ पडतात. ऑगस्टपर्यंत विंगस्पॅनच्या गठ्ठ्याला चक्क बाक आला होता. आता एकेक पत्ता प्लास्टिकच्या पाकिटात आहे आणि सगळा गठ्ठा फरसाणाच्या हवाबंद डब्यात. अझूलच्या फरश्यांना ना वारा लागतो ना दमट हवा. खाणं टेबलावर नको, हेही शिकलो. नणंदेने आणलेल्या सांबारवडीच्या तेलाचा ठसा एका सुतार पक्ष्यावर कायमचा बसलाय.

कटान आम्ही शेजाऱ्यांना देऊन टाकला, त्यांच्याकडे चौघं आहेत आणि रोज खेळतात. पँडेमिक आणि विंगस्पॅन कपाटात खालच्या कप्प्यात, हाताशी. अझूल मात्र घरात नाही. दिवाळीला आई तो पिशवीत घालून आर्वीला घेऊन गेल्या, बहिणीला दाखवते म्हणाल्या. भाऊबीजेनंतर त्या परत आल्या, पेटी तिकडेच राहिली. मावशींचा परवा फोन आला होता, शेजारच्या दोघी दुपारी खेळायला येतात म्हणून. परत मागणं मला काही जमलं नाही. काल मी दुसरा मागवला.