कोळसा पाठवायचा की खापर?

गढीची पांढरी माती शेतात टाकायची ही खानदेशातली जुनी रीत. ट्रॉली रिकामी करताना फावड्याला खापरं लागतात, कधी राख, कधी जळून काळे पडलेले दाणे. मग कुणीतरी ते रुमालात बांधून माझ्या दारात येतं. "सर, हाई कितलं जुनं शे?" आणि हल्ली लगेच पुढचं: "कार्बन डेटिंग करी लेऊ का?"

करता येतं. पण त्याआधी ठरवा, वय नेमकं कशाचं हवंय. रेडिओकार्बन, म्हणजे हेच कार्बन डेटिंग, सांगतं ते झाड किंवा दाणा कधी मेला ते. थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे टीएल, सांगतं मातीचं भांडं शेवटचं कधी तापलं ते. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि पैसे बहुतेकदा इथेच वाया जातात. तांब्याची कुऱ्हाड किंवा दगडी पातं घेऊन आलात तर रेडिओकार्बन विसरा, त्यात मोजायला सेंद्रिय काही नाही.

आधी रेडिओकार्बन. जिवंत वनस्पती हवेतून कार्बन घेते, त्यात अगदी थोडा कार्बन-१४ असतो. ती मेली की घेणं थांबतं, आणि आत असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली, १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत ती चालते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले, एकावर नक्षी कोरलेली. त्यांचं वय सुमारे २५,००० वर्षं आलं ते याच पद्धतीने.

जुन्या तंत्राला काही ग्रॅम कोळसा लागायचा. आता एएमएस, म्हणजे कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्राला काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे जळका जवाचा एक दाणा. आपल्याकडे दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशी यंत्रं आहेत. एएमएस महाग पडतं, तरी माझं मत त्यालाच. कारण दाणा एका हंगामाचा असतो. सागाच्या खांबाचा कोळसा दिलात तर वय येतं ते लाकडाच्या त्या कड्यांचं, आणि आतलं कडं घर बांधण्याच्या शे-दोनशे वर्षं आधी तयार झालेलं असू शकतं. वर आपल्याकडे जुन्या वाड्याचं लाकूड नव्या घराला वापरायची सवय. त्या खांबाने किती घरं पाहिली, ते कोळसा सांगत नाही.

दुसरी अडचण काळ्या जमिनीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर पऱ्हाट्या पेटवल्या की त्याचा कोळसा सरळ खाली जातो. पाच फुटांवर सापडला म्हणून तो जुना असं नसतं. नमुना मी स्वतःही बिघडवला आहे. कोळशाचे तुकडे तुटू नयेत म्हणून कापसात गुंडाळून डबीत ठेवले. प्रयोगशाळेत फोन केला तर पलीकडच्या बाई हसल्याच. "कापूस म्हणजे आजचा कार्बन, सर." फॉइलमध्ये ठेवायचा होता, हात न लावता. ३,५०० वर्षांच्या नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन शिरला तर वय जेमतेम चाळीसेक वर्षांनी कमी येतं. ४०,००० वर्षांच्या नमुन्यात तोच एक टक्का वय ३३,००० च्या आसपास आणून ठेवतो.

टीएलचं तसं नाही. आव्यात भांडं भाजलं की मातीतल्या कणांत साठलेली ऊर्जा निघून जाते, आणि त्या दिवसापासून भांड्यातल्या आणि भोवतीच्या मातीतल्या किरणोत्सर्गाने ती पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत खापर तापवून ती प्रकाशाच्या रूपात मोजतात. म्हणजे वय थेट भांड्याचं येतं, लाकडासारखी फसगत नाही. पण खापराभोवतीची मातीही पाठवावी लागते, तीही तिच्या ओलीसकट. धुऊन-पुसून शोकेसमध्ये ठेवलेलं खापर घेऊन गेलात तर उत्तर ढोबळच मिळेल. चूकही मोठी, साधारण पाच ते दहा टक्के. ३,५०० वर्षांवर पावणेदोनशे ते साडेतीनशे वर्षं इकडेतिकडे.

रेडिओकार्बनचा अहवाल त्यापुढे रुबाबदार दिसतो: "३३२० ± ३० बीपी". इथेही लोक घसरतात. बीपी म्हणजे १९५० च्या आधी. पण १९५० मधून ३,३२० वजा करून इ.स.पू. १३७० लिहून मोकळं होता येत नाही. हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखा नव्हता, म्हणून झाडांच्या कड्यांवरून केलेल्या आलेखाशी आकडा जुळवावा लागतो. जुळवल्यावर हीच तारीख इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकात जाते. ते ± ३० तर मोजणीतलं, खऱ्या तारखेचा पल्ला शंभर-दीडशे वर्षांचा होतो.

हाड मी शक्यतो पाठवू देत नाही. आपल्या उन्हात त्यातलं कोलाजेन, म्हणजे ज्यावरून हाडाचं वय काढतात ते प्रथिन, फारसं उरत नाही.

घरातली पोथी किंवा वाड्याची तुळई असेल तर रेडिओकार्बनच्या नादी लागूच नका. साधारण १६५० ते १९५० या काळात आलेख असा वेडावाकडा आहे की उत्तर "या तीनशे वर्षांत कधीतरी" एवढंच येतं. तिथे दप्तर, मोडीतले कागद आणि अक्षराचं वळण जास्त सांगतात. उलट कुणी "पाचशे वर्षांची" म्हणून विकायला आणलेली वस्तू १९५५ नंतरच्या कच्च्या मालाची असेल, तर अणुचाचण्यांनी हवेत वाढवलेला कार्बन-१४ तिला उघडं पाडतो.

आणि तिसरा पर्याय, ज्याचं कुणाला कौतुक नाही: जाणकाराला खापर दाखवणं. लाल, पातळ, वर काळी भौमितिक रेघ, बोटाने वाजवलं तर खणखणतं, असं असेल तर ते जोर्वे, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकरी वस्त्यांचं, असण्याची शक्यता मोठी, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. तापीकाठचं प्रकाशे, गिरणेकाठचं बहाळ इथे तशी खापरं उत्खननात निघाली आहेत. पाच मिनिटांत आणि फुकट एवढं कळत असेल, तर पैसे पुढच्या प्रश्नासाठी राखा.

ट्रॉलीतून आलेल्या दाण्याला मात्र माझं उत्तर नाही असंच आहे. तो कोणत्या थरातला, कोणत्या खापरासोबतचा, हे हरवलं की तारीख येते, पण कशाची ते कळत नाही. शिवाय जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा कायदा १८७८ पासून आहे. तेव्हा पुढची ट्रॉली थांबवा. गढीची कापलेली बाजू अजून उभी असेल तर शेजारी मोजपट्टी धरून तिचा फोटो काढा, राखेचा पट्टा दिसेल असा, आणि पाऊस पडायच्या आत काढा.