पोस्ट-रॉक बँडसाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा: घ्यावा का?

गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता ध्यानासारखा चढत जाणारा नाद. अशा बँडला इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची ही पेटी (हार्मोनियम नव्हे) शोभते, पण जुळवणी नीट हवी. षड्ज (सा) डी वर ठेवा आणि गिटार डीएडीजीएडीत लावा: सहावी व पहिली तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए. मालकंस वाजवायचा असेल तर पेटीची पहिली तार मध्यमावर (म) घ्या आणि गिटारच्या ए तारा मोकळ्या छेडू नका. ए म्हणजे इथे पंचम (प), आणि या रागात पंचम वर्ज्य, तो लगेच खुपतो.

पेटी गिटारच्या अँपला जोडू नका, जवारीचा, म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तार घासून उठणारा, झंकार मरतो. डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळता करणारी डबी) थेट मिक्सरला द्या, १२० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर बेस गढूळ होतो. लय मिनिटाला ७५ ठोके असेल तर डॉटेड-एट्थ डिले, म्हणजे पाऊण ठोक्यानंतर येणारा प्रतिध्वनी, ६०० मिलिसेकंद.

अर्थिंग खराब असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येते, ती जवळजवळ जी स्वराची. डी च्या षड्जाखाली फारच बोचते. नाशिकच्या डिसेंबरातल्या उघड्यावरच्या मैफलीत गारठ्याने गिटारच्या तारा चढतात, पेटी मात्र जागची हलत नाही. म्हणून दर दोन रचनांनी गिटारच जुळवायची. पेटीचा अंगचा स्पीकर? घरच्या रियाझापुरता.