नैराश्याची पहिली गोळी: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन की मिर्टाझापिन?

नैराश्यासाठी किंवा सततच्या घबराटीसाठी डॉक्टरांनी गोळी सुचवली की इंदूरच्या मराठी घरांत दोन प्रश्न ठरलेले असतात. "सवय तर नाही ना लागणार?" आणि "दिवसभर झोपूनच राहील का ही?" प्रश्न रास्त आहेत, उत्तरं पुढे येतीलच. पण तीन-चार गोळ्यांतून एक निवडायची असेल तर डॉक्टरांशी बोलायच्या गोष्टी वेगळ्या: पहिल्या पंधरा दिवसांत कोणता त्रास आपल्याला झेपेल, आणि घरातल्या औषधांच्या डब्यात आधीपासून काय काय आहे.

"सगळ्यात चांगली गोळी कोणती" हे विचारून फारसं हाती लागत नाही. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या तुलनेत ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधं पाहिली होती. मोठ्या माणसांच्या नैराश्यात सगळीच औषधं बिनऔषधाच्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, आपसांतला फरक मात्र लहान होता. फरक दिसतो तो त्रासात. आणि पहिली गोळी अर्ध्यावर सुटते ती बहुधा गुण यायच्या आधीच सुरू झालेल्या त्रासामुळे.

एस्सिटालोप्राम

परचीवर सहसा पहिलं नाव हेच. सुरुवात ५ किंवा १० मिलिग्रॅमने, कमाल २०. वयस्कर माणसांत १० च्या वर शक्यतो नेत नाहीत. दिवसातून एकदा, जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही.

पहिल्या आठवड्यात मळमळ, जांभया, घाम, डोकं जड. कोणाची झोप उडते, कोणाला पेंग येते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. वेळ बदलायची ती डॉक्टरांना सांगून, आणि एकदा ठरली की तीच ठेवायची. सर्वांत घाबरवणारी गोष्ट अशी की ज्या घबराटीसाठी गोळी सुरू केली, तीच पहिले काही दिवस वाढल्यासारखी वाटू शकते. मेंदूच्या पेशींमधलं सेरोटोनिन गोळीने लगेच वाढतं, पण त्या वाढीशी जुळवून घ्यायला पेशींना काही आठवडे लागतात. मधल्या काळात छाती धडधडते, हात थरथरतात आणि माणूस म्हणतो, गोळी सोसली नाही. म्हणूनच घबराटीचा त्रास असेल तर १० ची गोळी अर्धी करून ५ ने सुरू करायची पद्धत आहे. परचीवर थेट १० लिहिलं असेल तर "अर्धीने सुरू करू का?" हे विचारायला संकोच नको.

सर्ट्रालिन

सुरुवात २५ किंवा ५० ने, कमाल २००. आकडा बघून दचकू नका: ५० ची सर्ट्रालिन ही १० च्या एस्सिटालोप्रामपेक्षा पाचपट कडक नसते, दोन्ही साधारण एकाच तोडीच्या मानल्या जातात. "मला पन्नासची दिलीय, म्हणजे माझं जास्तच बिघडलंय" असा अर्थ काढू नये.

हिचा त्रास पोटाला. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं, त्यामुळे पातळ शौचाची तक्रार या गोळीत इतरांपेक्षा जास्त. आधीच पोट नाजूक असेल तर पहिले दहा दिवस कचोरी, तिखट शेव आणि छप्पन दुकानची फेरी बंद. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ हमखास वाढते. चतुर्थी-एकादशीला कडक उपास असेल तर गोळी फराळाच्या वेळी घ्या, पण त्या दिवशी चुकवू नका. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी गोळी त्याच आठवड्यात सुरू न केलेली बरी.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर बहुधा हिच्याकडे वळतात. झटक्यानंतरच्या रुग्णांत तिची चाचणी झालेली आहे, आणि दुधात ती फार थोडी उतरते. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात "गोळी चालू केली की दूध तोडावं लागेल" असं घरातलं कोणी सांगत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मिर्टाझापिन

ही वेगळ्या कुळातली. रात्री ७.५ किंवा १५ ने सुरुवात, कमाल ४५. मळमळ जवळपास नाही, लैंगिक तक्रारीही कमी. ही हिस्टामिनचा मार्ग अडवते, म्हणून झोप पहिल्याच रात्री येते आणि भूक त्याच आठवड्यात वाढते. जेवण तुटलेल्या, वजन घटलेल्या, रात्रभर छताकडे बघत पडणाऱ्या आजोबांना हे वरदान. पण ज्यांचं वजन आणि साखर आधीच जास्त आहे त्यांनी दोनदा विचार करावा. सराफ्यातला खाऊबाजार रात्री दहानंतरच रंगात येतो आणि या गोळीची भूकही तेव्हाच खवळते. गराडू आणि रबडी समोर असताना संयम सुचवणं सोपं, पाळणं अवघड. सुरू करायच्या दिवशी वजन करून लिहून ठेवा, मग दर आठवड्याला त्याच काट्यावर.

दुसरी अडचण सकाळची गुंगी. अकरा वाजता गोळी घेऊन सातला स्कूटर काढायची असेल तर जमणार नाही. साडेआठ-नऊला घ्या, आणि अंदाज येईपर्यंत पहिले चार-पाच दिवस गाडी दुसऱ्याला चालवू द्या. म्हाताऱ्या माणसांना रात्री लघवीला उठताना भोवळ येऊ शकते, तेव्हा खाटेजवळ दिवा हवा. क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. ताप आणि घसादुखी सुरू झाली तर नेहमीचा सर्दी-खोकला समजून न बसता डॉक्टरांना कळवा आणि रक्ताची तपासणी करून घ्या.

तिन्ही एका नजरेत:

| | एस्सिटालोप्राम | सर्ट्रालिन | मिर्टाझापिन |
|---|---|---|---|
| सुरुवात | ५–१० मिग्रॅ | २५–५० मिग्रॅ | ७.५–१५ मिग्रॅ, रात्री |
| आधी जाणवतं ते | मळमळ, घबराट वाढणं | मळमळ, पातळ शौच | गुंगी, भूक |
| पुढेही टिकू शकतं | लैंगिक तक्रार, घाम | लैंगिक तक्रार | वजन |
| विशेष सांभाळायचं | हृदयाची लय | आधीच नाजूक पोट | मधुमेह, सकाळी गाडी |

तक्त्यातल्या लैंगिक तक्रारीबद्दल थोडं उघडपणे. इच्छा कमी होणं, पुरुषांत वीर्यपतनाला फार उशीर लागणं, स्त्रियांत तृप्ती न येणं हे पहिल्या दोन गोळ्यांत बऱ्याच जणांना होतं, आणि मळमळीसारखं ते आपोआप जाईलच असं नाही. दवाखान्यात सासू किंवा भाऊ शेजारी बसलेला असतो, म्हणून कोणी बोलत नाही, आणि दोन महिन्यांनी गोळी परस्पर बंद होते. दोन मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलायची मागणी करा. मात्रा कमी करणं किंवा गोळी बदलणं हे उपाय आहेत.

आणखी दोन नावं कानावर येतील. ब्युप्रोपिऑनमध्ये वजन आणि लैंगिक तक्रार दोन्ही कमी, पण फिट येणाऱ्यांना ती चालत नाही. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली असेल तरीही नाही. आणि ती गोळी तोडायची नसते. अमिट्रिप्टिलिन जुनी आणि स्वस्त. डोकेदुखीला १० ची दिली जाते, पण ती नैराश्याची मात्रा नव्हे. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर तिच्यापासून लांबच.

औषधांचा डबा उघडा

निवड बहुतेक वेळा इथे ठरते. डबा पिशवीत घालून थेट दवाखान्यात न्या. "बीपीची एक पांढरी गोळी" या वर्णनावरून कोणाला काही कळत नाही.

गॅसची गोळी आपल्याकडे औषध मानतच नाहीत. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यकृतातला एक मार्ग अडवतात, त्यामुळे एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढते. पॅन्टोप्राझोलचा हा परिणाम कमी. त्याहून लक्षात घेण्यासारखं म्हणजे गॅसच्या कित्येक कॅप्सूलांत डॉमपेरिडोन मिसळलेलं असतं. तेही आणि एस्सिटालोप्रामही ईसीजीवरचं 'क्यूटी' अंतर लांबवतात, त्याने हृदयाची लय बिघडू शकते. गोळीने मळमळलं म्हणून घरातली डॉमपेरिडोन घ्यायची, हा सहज घडणारा घोळ आहे. ऑन्डान्सेट्रॉनचंही तसंच. मळमळीला आधी साधे उपाय: गोळी जेवणानंतर, थोडं थोडं खाणं, लिंबू किंवा आलं.

बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल आणि वय साठीच्या पुढे असेल, तर एस्सिटालोप्राम-सर्ट्रालिनने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, घाम वाहतो, बीपीमुळे मीठ आधीच कमी केलेलं असतं. सुरू करण्याआधी आणि साधारण दोन आठवड्यांनी सोडियम तपासा. १३५ ते १४५ ही नेहमीची पातळी. आजी सुस्तावली, अडखळायला लागली, बोलताना गोंधळायला लागली तर "गोळीची झोप आहे" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी तपासणी करा.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा गुडघेदुखीसाठी रोजची डायक्लोफिनॅक चालू असेल तर एस्सिटालोप्राम-सर्ट्रालिनसोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. काळी शौच ही त्याची खूण. दुखण्यावरची ट्रमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन सेरोटोनिन आणखी वाढवतात. ताप, थरथर, अंग ताठणं, जुलाब आणि नाडी वेगात, असं एकत्र झालं तर थेट इमर्जन्सी गाठायची. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, थंडाई हातात आली तर आत भांग आहे का ते विचारा. भांगेने छाती धडधडते, घबराटीच्या रुग्णाचा तोल तिथेच जातो, आणि मिर्टाझापिनवर असाल तर गुंगी दुप्पट. दारूलाही हेच लागू.

डब्याबरोबर एक रक्ततपासणीही मागा: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. यांची कमतरता नैराश्यासारखीच दिसते, आणि तसं असेल तर नुसत्या या गोळ्यांनी भागणार नाही.

किती दिवस वाट बघायची

मळमळ आणि डोकेदुखी बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून येतं, दोन ते चार आठवड्यांनी. फरक बऱ्याचदा घरच्यांना आधी दिसतो: आई पुन्हा भाजी निवडताना बोलायला लागते, पण विचारलं तर म्हणते काही फरक नाही. पुरेशा मात्रेवर चार आठवड्यांत तसूभरही हालचाल नसेल तर मात्रा किंवा गोळी बदलायची चर्चा करा. पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे धरा.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष हवं. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत या औषधांवर ठळक इशारा छापतात: २००४ साली तो मुलांसाठी आला, २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. एका जागी बसवत नाही, येरझारा, चिडचिड, "सगळ्यांची सुटका होईल" अशी वाक्यं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं, रात्री-अपरात्री एम. वाय. हॉस्पिटलची इमर्जन्सी आहेच. उलट टोकाची खूणही ओळखा. तीन तास झोपून माणूस ताजातवाना, बोलणं थांबत नाही, खर्च सुटलेला. हे बरं होणं नसून उन्माद असू शकतो. स्वतःला किंवा घराण्यात कोणाला असं पूर्वी झालं असेल तर ते गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगायला हवं.

सवयीचा प्रश्न

या तिन्ही गोळ्यांची तलफ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी असंही वाटत नाही. पण एकदम बंद केल्या तर भोवळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. तो शरीराला अचानक बसलेला ताण. हळूहळू उतरवलं की टळतो. खरी सवय लागते ती सोबत दिलेल्या क्लोनाझेपामची, म्हणजे घबराट शमवणाऱ्या गुंगीच्या औषधाची. आपल्या बाजारात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, नावापुढे बहुधा 'प्लस' किंवा तसंच काहीतरी असतं. सुरुवातीच्या घबराटीवर ती उतारा ठरते, पण दोन-तीन आठवड्यांनी क्लोनाझेपाम काढायचं ठरलं तर एकाच गोळीतून ते वेगळं कसं करणार? आमचं मत स्पष्ट आहे: लागतच असेल तर दोन वेगळ्या गोळ्या मागा, आणि क्लोनाझेपाम किती दिवस हे परचीवर लिहून घ्या. गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) मोठ्या अक्षरातलं नाव न वाचता खालचे घटक वाचा, विशेषतः मेडिकलवाल्याने "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरा पत्ता दिला तर. दवा बाजारात किंवा जनऔषधी केंद्रात स्वस्त पर्याय मिळाला तरी घटक आणि मिलिग्रॅम तेच हवेत.

बरं वाटल्यावर पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, मग आठवड्यांच्या टप्प्यांनी उतरवतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच. पुण्या-मुंबईला लग्नाला जाताना चार दिवसांची जास्तीची गोळी आणि परचीचा मोबाईलमधला फोटो सोबत ठेवा, कारण परचीशिवाय ही औषधं विकण्याची दुकानदाराला परवानगी नाही.